टोपलीवरचं पान

वैशाख अर्धा सरला की यशोदेची धार तुटते. नदी मग सलग राहत नाही, डोहाडोहांत वाटली जाते. अल्लीपूरकडून येताना पुलावरून खाली पाहिलं तर आधी वाळू दिसते, मग हिरवट थांबलेलं पाणी, मग पुन्हा वाळू. एसटीतले बाकीचे लोक या वेळी पेंगत असतात. मी आधी कावळे शोधतो. डोहाच्या काठावर कावळे उतरून पाणी पीत असतील तर पाणी जिवंत आहे. यंदाही होते. एक तर पंख भिजवून अंग झटकत होता. तरी देवळीचा थांबा येईपर्यंत माझे तळहात ओले होते.

पुराची भीती वाटते, गारांची वाटते, ती सांगता येते. थांबलेल्या पाण्याची भीती सांगायला गेलं की समोरचा हसतो. पाणी ना वाढतं, ना वाहतं, मग भ्यायचं कशाला? नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका उन्हाळ्यात हे कळलं. तेव्हापासून हा ऋतू आला की मी त्याच्याकडे तिरप्या नजरेनं पाहतो.

समुद्र इथून फार लांब. वर्धा जिल्ह्यातल्या कित्येक माणसांनी तो पाहिलेलाही नाही. पण मासळी इथे नेहमीच होती, आणि ती कुठून येणार याचा भरवसा कधीच नव्हता. पावसाळ्यानंतर नदी देई. हिवाळ्यात तलाव देत. बोर धरणाची मासळी ठेकेदाराच्या मर्जीनं येई. उन्हाळ्यात हे सगळं आटलं की आंध्रातून बर्फात घातलेली रोहू आणि कटला रेल्वेनं वर्ध्याला उतरे. गाडी उशिरा आली की बर्फ विरघळे. कधी मासळीचा डबाच यायचा नाही. नेमकं तेव्हाच लग्नघरं, पाहुणे आणि माहेरी आलेल्या लेकी यांची मागणी वाढलेली असे. टोपली डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईला आपण आज काय विकणार आहोत, हे घरून निघताना ठाऊक नसे.

त्या बायांचा एक रिवाज होता. ज्या पाण्याची मासळी, त्या पाण्याजवळच्या झाडाचं पान तिच्यावर झाकायचं. बोरची मासळी सागाच्या पानाखाली. आंजीकडच्या तलावाची पळसाखाली. नदीची करंजाखाली, कारण करंज काठावर भरपूर. आंध्राची मासळी भाताच्या तणसात येई. आपल्याकडे भात पिकत नाही, म्हणून ते तणसच तिची ओळख. टोपलीत दोन पाण्यांची मासळी असली तर मध्ये पानांचा थर. बाजारात पान बदलताना जी सापडली तिला इतर बाया आपल्या ओळीत बसू देत नसत. गिऱ्हाईक टोपलीजवळ वाकलं की आधी मासळी पाहत नसे, पान उचलून पाही. शिक्का, चिठ्ठी, पावती असलं काही नव्हतं. एक पान होतं आणि त्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

कौसल्याबाई देवळीत आमच्या गल्लीत टोपली आणायची. भोयांच्या मोहल्ल्यातली, अंगानं काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिचा आवाज मोठा होता. पण बाजारामागच्या व्यापाऱ्यांच्या गल्लीत ती तो कधीच वापरत नसे. त्या गल्लीतली निम्मी घरं मासळी खात नव्हती, आणि उरलेली खातो म्हणत नव्हती. कुणाच्या सासऱ्यानं गुरूचा उपदेश घेतलेला, कुणाच्या घरी माळ, कुणाला शेजारच्या दुकानदाराची भीड. कौसल्याबाई मागच्या बोळातून जायची, दाराची कडी हळूच वाजवायची, परसात बसून मासळी साफ करून, कापून द्यायची, खवले राखेत गोळा करून परत न्यायची. शिजवायची चूल परसातच, भांडीही वेगळी. कोणत्या घरी काय दिलं हे ती दुसऱ्या घरी कधी बोलली नाही. तिची रोजी पानावर जेवढी उभी होती तेवढीच या मौनावर.

त्या गल्लीत शांताकाकूंचं घर होतं. पुढे किराणा दुकान, मागे राहतं घर. काकूंच्या गळ्यात माळ. घरात मुलगा विनायक आणि सून सुनंदा. सुनंदाला तेव्हा दिवस गेलेले, पोट चांगलं दिसत होतं. आमचं घर बोळाच्या तोंडाशी. मी तालुक्याच्या बातम्या जिल्ह्याच्या दैनिकाला धाडायचो. बातमीत पहिल्या ओळीत कुठे आणि कधी असावं लागतं, हे तिथे शिकलो. कुठे हे कळलं नाही तर बातमी उभी राहत नाही.

त्या दिवशी सकाळी कौसल्याबाई आमच्या दारात आली तेव्हा टोपलीवर ओलं पोतं होतं.

"पान कुठं गेलं वो आज?" आईनं विचारलं.

"पान वाळून कुरकुरीत झालं, आई. गाडीत काय ऊन म्हणता! म्हटलं पोतंच ओलं करतो."

आईनं पोतं उचललं. रोहूचे दोन-तीन नग, थोडी बारीक मासळी, आणि मरळ. मरळ चांगल्या हातभर लांब होत्या, काळ्या, तुकतुकीत. मरळ चिवट असते. पाण्याबाहेर काढली तरी टोपलीत बराच वेळ वळवळत राहते. विकणारीला ती दाबून धरावी लागते. त्या दिवशी त्या शांत पडल्या होत्या.

"काऊन वो, मरळ झोपली काय आज?"

"पेंगून राह्यली उन्हानं," कौसल्याबाई म्हणाली. "तुमचा पोरगा नाई का पेंगत पेपर वाचता वाचता!"

दोघी हसल्या. मीही हसलो. आईनं एक मरळ घेतली. कौसल्याबाईनं ती अंगणात कापली, राखेनं हात पुसले आणि बोळात शिरली. थोड्या वेळानं मागच्या दारांच्या कड्या एकामागून एक वाजत गेल्याचं ऐकू आलं. त्या हसण्याचा आवाज मला अजून आठवतो. एखादी गोष्ट घडून गेलेली असते, टोपलीत समोर पडलेली असते, आणि माणसं तिच्यावर विनोद करत असतात.

चुलीवर कालवणाला उकळी आली होती तेव्हा बोळाच्या तोंडाशी कुणी तरी पळत आलं. कौसल्याबाईचा दीर गणपत. तो अल्लीपूरकडे नदीकाठच्या एका गावात राहायचा. अंगावर बनियन, पायात चप्पल नाही. कौसल्याबाई रिकामी टोपली घेऊन बोळातून बाहेर येत होती.

"वहिनी, डोह मेला," गणपत म्हणाला.

"काय बोलून राह्यला?"

"कोनं तरी कपाशीवर फवारायचं औषध टाकलं डोहात. मासळी उलटी होऊन वर आली, तशीच पोत्यात भरून पहाटेच घेऊन गेले. कोन होते, कोनालेच मालूम नाई. काठावर दोन कुत्रे मरून पडले. कावळे पडले. तुले कोनं देली तर घेजो नोको, म्हनून पयत आलो."

कौसल्याबाईनं टोपली खाली ठेवली. बसली नाही. एक हात भिंतीला लावून उभी राहिली.

तिनं मग जे सांगितलं ते असं. आंध्राची गाडी त्या दिवशी आली नव्हती. वर्ध्याच्या व्यापाऱ्याकडे आदल्या दिवशीची थोडी रोहू होती, ती घेतली. बोरची थोडी बारीक मासळी मिळाली. एवढ्यात घरं भागणार नव्हती. देवळीच्या स्टँडवर उतरली तर एक अनोळखी माणूस पोतं घेऊन उभा. पोत्यात मरळ. पान नव्हतं. तिनं विचारलं, कुठली? तो म्हणाला, नदीची. कोणती नदी, कोणता डोह, हे तिनं विचारलं नाही. पानं तोवर वाळलेली. तिनं सगळी मासळी एका टोपलीत ओतली, वर पोतं ओलं करून टाकलं आणि निघाली.

"थ्या मरळीच असन का, भाऊजी?" तिनं गणपतला विचारलं. "दुसऱ्या कुठल्या नदीच्या बी असू शकतेत ना?"

 गणपत आमच्या चुलीकडे पाहत होता.

आई उठली, कालवणाचं पातेलं फडक्यानं धरून परसात नेलं. मी खड्डा केला. तिनं पातेलं उपडं केलं, वर राख, वर माती, वर दगड. मांजर वास घेत आलं तर तिनं त्याला खराटा फेकून मारला. आयुष्यात तिनं मांजराला मारलेलं मी तेवढंच पाहिलं. मग ती हात धूत बसली. धुतलेले हात पुन्हा पुन्हा धुवत राहिली.

आमचं घर सोपं होतं, कारण आम्ही खातो हे सगळ्यांना माहीत होतं. पुढचं काम अवघड होतं. कौसल्याबाई बोळात गेली, मागे मी आणि गणपत. तिनं पहिलं दार वाजवलं.

"बाई, सकाळची मासळी खाऊ नोका. जहर हाय तिच्यात, अशी खबर आली."

आतल्या बाईनं तिच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. "मासळी? आमच्या इथं कोन खाते मासळी? घर चुकली तू."

दार लागलं. आतून आलेल्या वाऱ्याला मसाल्याचा वास होता.

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरच्या बाईनं तर कौसल्याबाईला कधी पाहिलंच नाही असं सांगितलं. मग माझ्या लक्षात आलं की अडचण माझी आहे, आणि गणपतची. बोळात परके पुरुष उभे असताना कोण कबूल करणार? आम्ही मागे सरलो, बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबलो. तरी दारं उघडली नाहीत. खबर भलत्या वेळी, भर उजेडात आली होती. मासळी कुठून आली हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुठे गेली हे ठाऊक असणारी एकच बाई होती. तिनं ते बोलायचं नाही असा सगळ्यांचा करार होता.

कौसल्याबाई बोळातून बाहेर आली, वळसा घालून पुढच्या रस्त्याला लागली आणि शांताकाकूंच्या दुकानासमोर उभी राहिली. पुढच्या दारी ती पहिल्यांदाच येत होती. विनायक तराजूवर डाळ मोजत होता. काकू आतून आल्या.

"काकू," कौसल्याबाई म्हणाली, "सुनबाईले आज जेवू देऊ नोका."

"काऊन?"

कौसल्याबाईनं विनायककडे पाहिलं, दोन गिऱ्हाइकांकडे पाहिलं. "तुमाले मालूम हाय काऊन थे."

"मले काई मालूम नाई. आमच्या घरी वरन-भात शिजते. तू इथं कायले आली? चाल, निघ."

"काकू, पोटुशी बाई हाय घरात. तुमच्या पाया पडतो."

"निघ म्हनलं ना!"

विनायकनं तराजू खाली ठेवला. "काय झालं, आई?"

"काई नाई. मासळीवाली हाय. घर चुकली."

उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. कौसल्याबाई रस्त्याच्या मधोमध गेली. तिथे तिनं पदर कमरेला खोचला आणि आपला बाजारातला आवाज, जो त्या गल्लीनं कधी ऐकला नव्हता, मोकळा सोडला.

"आयका वो! मी कौसल्या मासळीवाली! माह्या आजच्या मासळीत जहर हाय! ज्यानं घेतली त्यानं फेका! ज्यानं नाई घेतली त्यानं बी फेका! मी कोनाचं नाव घेत नाई! फेका माय, पाया पडतो, फेका!"

ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत गेली आणि ओरडत परत आली. कुणाचं नाव घेतलं नाही. स्वतःचं घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस तिची टोपली कुणी उतरवून घेणार नव्हतं, हे तिला ठाऊक असणारच. बोळाच्या बाजूनं आधी एक भांडं आपटल्याचा आवाज आला, मग दुसरा, मग नालीत काही ओतल्याचा. खिडकीत कुणी दिसत नव्हतं. त्या आवाजांवरून ती घरं मोजत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग आवाज थांबले, आणि ती शांताकाकूंच्या दाराकडे पाहत राहिली.

समोर कडुनिंबाखाली ती बसली. गणपत म्हणाला, घरी चाल. ती हलली नाही. मी तिला पाणी आणून दिलं. तिनं तांब्या हातात धरला, प्यायली नाही. आजूबाजूला लोक जमले, काही बोलले, एकानं टोमणा मारला, "आता काय जहर बी तोलून देशीन का वो?" तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. वाट पाहण्यासारखी भीती नाही. जे व्हायचं ते एखाद्या घरात होऊन गेलेलं असतं किंवा नसतं, आणि बंद दार दोन्ही वेळा सारखंच दिसतं.

सावली झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा दार उघडलं. शांताकाकू बाहेर आल्या. हातात परसातली मातीची हंडी होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी, सगळ्या गल्लीदेखत, दुकानाच्या पायऱ्यांवरून खाली आणली आणि कौसल्याबाईपुढे ठेवली. कालवण गार झालं होतं, वर तेलाची साय धरली होती.

"घे. सुनंदाच्या पोटात घास गेला नाई."

कौसल्याबाईनं झाकण काढून आत पाहिलं. हंडी हलवली, पुन्हा पाहिलं. मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"काकू, डोकं कुठं हाय?"

हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. पुढे तिनं सांगितलं. त्या घरी मासळी दिली की डोकं अख्खं ठेवायचं, हा नेहमीचा शब्द होता. घरात सगळ्यांना वाटे मासळी विनायकसाठी घेतात, आता सुनेसाठी घेतात. डोकं काकूंसाठी असायचं.

काकू हंडीकडे पाहत उभ्या होत्या. त्यांचा हात माळेवर होता. 

"तू ओरडाच्या आधीच," त्या म्हणाल्या. "मले भूक लागलती."

विनायक पायरीवर उभा होता. त्यानं ते ऐकलं. तो धावला आणि रिक्षा घेऊन आला. मागोमाग मी आणि कौसल्याबाईही गेलो.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं? काकूंना तोवर मळमळत होतं, ओठ बधिर झाल्यासारखे वाटत होते. विनायक म्हणाला, "घरचंच जेवण." एवढी वर्षं तो हेच उत्तर देत आला होता, ते आपोआप आलं. काकूंनी त्याचा हात बाजूला केला.

"मासळी खाल्ली, साहेब. मरळीचं डोकं. हिच्या टोपलीतलं."

"कुठली मासळी?" डॉक्टरांनी कौसल्याबाईकडे पाहिलं. "कोणत्या पाण्याची? कोणतं औषध टाकलं होतं, काही समजलं का?"

ती दाराच्या चौकटीत उभी होती. ओरडून घसा बसला होता. एवढ्या वर्षांत या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं असं कधी झालं नव्हतं.

"मले नाई मालूम, साहेब," ती म्हणाली. "पान नव्हतं."

काकू वाचल्या. त्यांचं पोट धुतलं, दोन रात्री ठेवून घेतलं, मग घरी आणलं. मासळीत खरोखर विष होतं की काकूंना भीतीनं उलट्या झाल्या, हे कधीच कळलं नाही. हंडी गणपतनं गावाबाहेर पुरली होती. डोहात कुणी औषध टाकलं तेही कळलं नाही, आणि स्टँडवरचा तो माणूस कुणाला पुन्हा दिसला नाही. मी बातमी लिहिली. ती आतल्या पानावर चार ओळींत आली. शेवटी होतं की नेमके कारण समजू शकले नाही. हे वाक्य बातमीत अनेकदा येतं. त्या आधी ते लिहिताना कधी भीती वाटली नव्हती.

पुढचे काही महिने कौसल्याबाईच्या टोपलीला कुणी हात लावला नाही. तिनं भाजी विकली, मग वाळलेले झिंगे विकले. हिवाळ्यात एका सकाळी ती पळसाच्या पानांनी झाकलेली टोपली घेऊन गल्लीत आली, आणि शांताकाकूंनी तिला पुढच्या दारातून हाक मारली. "ये वो, इकडून ये." दुकानात गिऱ्हाईक होतं. काकूंनी स्वतः पान उचललं, उलटसुलट करून पाहिलं, मग म्हणाल्या, "आंजीची?" कौसल्याबाई म्हणाली, "व्हय. मी सोता तलावावर गेलती." गळ्यातली माळ काकूंनी काढून देवापुढे ठेवली होती. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, निदान त्यांच्यासमोर.

आता दोघीही नाहीत. दोन हजार सालानंतर इथल्या बाजारात पांढरे थर्मोकोलचे खोके आले. वर स्टेशनचं नाव, कसले तरी आकडे, चिकटवलेला कागद. आत बर्फ आणि एकसारख्या मापाची मासळी, सगळी आंध्राची. दुकानदार ती खवले काढून, तुकडे करून, पिशवीत भरून देतो. डोकं मागितलं तर मिळतं, नाही मागितलं तर तो फेकून देतो. कुठली, असं विचारलं तर म्हणतो, आंध्रा. आंध्रातली कुठली, असं विचारलं तर हसतो. "लेबल वाचा ना, काका." मी वाचतो. आकडे कळत नाहीत. पुलावरून जाताना करंज अजून दिसतात, काठाकाठानं हिरवेगार, ऐन वैशाखातही. त्यांची पानं आता कुणी तोडत नाही.

गेल्या आठवड्यात विनायकनं जेवायला बोलावलं होतं. त्याचा मुलगा, त्या उन्हाळ्यात जो सुनंदाच्या पोटात होता, मोबाइल घेऊन बसला होता. मासळी घरात, गॅसवर शिजली होती. परसातली चूल केव्हाच गेली. ताटं वाढली. रोहूचे तुकडे, भाकरी, कांदा. मी घास उचलायला गेलो तर विनायकनं नजरेनंच थांबवलं. मुलानंही ताटाला हात लावला नव्हता. त्याला ते सांगावं लागलं नाही, जन्मापासून तो तसाच थांबत असावा.

सुनंदा ओट्याजवळ उभी होती. तिनं वाटीत एक तुकडा घेतला, सावकाश खाल्ला, काटा बाजूला काढला. मग वाटी ठेवून ती भिंतीला टेकली.  बाहेर दुकानात कुणी तरी साखर मागत होतं, कुणी उठलं नाही. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो, तिच्या ओठांकडे, हातांकडे. कालवणावर हळूहळू साय धरत होती.

मग तिनं पाण्याचा तांब्या उचलून माझ्या ताटाजवळ ठेवला. "जेवा," ती म्हणाली.